दादाची घड्याळं आणि बाईंचा पिंजरा

माझा थोरला भाऊ एक्स-रे वाचतो. म्हणजे त्याची स्वतःची दोन तपासणी केंद्रं आहेत, पण कुणी विचारलं की तो एवढंच सांगतो, "मी वाचतो." त्याची तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या छातीत, गुडघ्यात, दाढेत कुठे काही लपलंय का, हे शोधण्यात गेली. असा माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? हॉटेलच्या खोलीतून जेवायला खाली उतरण्याआधी तो उघड्या बॅगेचा फोटो काढतो आणि परत आल्यावर बॅग आणि फोटो ताडून बघतो. वहिनी शाळेत भूगोल शिकवते. ती म्हणते, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझा रिपोर्ट यांनी अजून दिलेला नाही. फेरतपासणी आवश्यक, एवढंच लिहून ठेवलंय."

मी त्याच्या केंद्रात पुढच्या टेबलावर बसते. पेशंटची नावं लिहून घेते, दादा आतून बोलतो ते रिपोर्ट टाइप करते. त्यामुळे घरचा दादा आणि कामावरचा दादा, दोन्ही माझ्या नजरेसमोर असतात. त्याच्या घड्याळांचं प्रकरण मी पहिल्यापासून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मधल्या काळात मीही त्यात सामील होते.

दुसरं केंद्र सुरू झालं तेव्हा दादा चव्वेचाळीसचा होता. त्या महिन्यात तो मनगटावर एक घड्याळ बांधून आला. गुलाबी झाक असलेलं सोनं, कडेला बारीक हिरे, आणि सहाच्या आकड्याजवळ एक गोल खिडकी. खिडकीत काहीतरी सतत फिरत होतं.

"हे काय गं फिरतंय?" वहिनीने मला हळूच विचारलं. दादाने ऐकलं आणि लगेच शिकवायला बसला. याला टूर्बियॉन म्हणतात. घड्याळातलं जे चाक टिकटिक करत मागेपुढे हलतं, ते त्याच्या स्प्रिंगसकट एका चिमुकल्या पिंजऱ्यात बसवतात आणि तो अख्खा पिंजरा मिनिटाला एक फेरी मारतो. खिशात उभ्या राहणाऱ्या जुन्या घड्याळांवर जमिनीची ओढ एकाच बाजूने पडायची आणि वेळ चुकायची. पिंजरा फिरत राहिला की ती चूक सगळ्या बाजूंना वाटली जाते. पिंजऱ्यात सत्तरेक भाग असतात आणि सगळ्यांचं मिळून वजन तांदळाच्या दहा-बारा दाण्यांएवढं.

"पण तुमचं खिशात कुठंय, हातावर आहे," वहिनी म्हणाली. "हात काय दिवसभर उभाच धरून ठेवणार आहात?"

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं फिल्मवरच्या डागाकडे पाहतो.

ते घड्याळ त्याने एका मित्राकडून घेतलं होतं. मित्राचा अशा घड्याळांचाच व्यवसाय होता. कधीही न वापरलेलं, पेटीतून पहिल्यांदा तूच काढतोयस, असं सांगून त्याने ते दिलं. पुढची तीन वर्षं दादा कडाक्याच्या थंडीतसुद्धा अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालत होता. चारचौघांत बसला की डावा हात टेबलावर, खिडकी समोरच्याकडे. मग एका जेवणात शेजारी बसलेल्या बांधकाम ठेकेदाराने घास चावता चावता विचारलं, "खरं आहे का हो?"

प्रश्न साधाच होता. ठेकेदार विसरलाही असेल. दादा मात्र त्या दिवसापासून झुरू लागला. तो घड्याळ कानाला लावून ऐकायचा, उजेडात तिरकं धरायचा. मित्राला फोन केला तर मित्र हसला, आणि का हसला या विचाराने दादाची एका रात्रीची झोप गेली. शेवटी सोनेरी घड्याळ पेटीत गेलं.

त्यानंतर आलं ते घड्याळ म्हणजे उघडं पोट होतं. तबकडीच नाही. चाकं, त्यांना जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, ज्यांना दादा पूल म्हणतो, स्क्रू, सगळं काचेतून दिसणारं. पिंजरा दोन दिशांना गिरक्या घेणारा, तीन दांड्यांचा. मला ते बघून गरगरायचं. किती वाजलेत हे त्यातून शोधायला दादालाही जरा वेळ लागायचा.

"यात लपवायला जागाच नाही," तो समाधानाने म्हणाला. "जे आहे ते समोर."

लोकांना वाटायचं दादाची आवड बदलली. मला कळत होतं की बदलला तो संशय, आणि आवड त्याच्या मागून चालली होती. कारण चार वर्षांनी एका पार्किंगमध्ये कुणीतरी त्याच्या मनगटाकडे जास्त वेळ पाहिलं. पाहणारा बिचारा बहुधा वेळच बघत असेल. पण उघडं पोटही पेटीत गेलं आणि तिसरी तऱ्हा सुरू झाली. पांढरी साधी तबकडी, दोन काटे, काळा पट्टा, आणि टूर्बियॉन मागच्या बाजूला, कातडीला टेकलेला.

वहिनीने ते उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे लोकांना दिसत नाही, घातल्यावर तुम्हालाही दिसत नाही. मग आहे कशाला?"

"आहे हे मला माहीत आहे ना," दादा म्हणाला.

मध्ये घेतलेली आणखी दोन धरून अशी एकूण पाच घड्याळं जमली, आणि पाचही एकाच बाईंच्या हाताखालून जायची. त्या बाई घड्याळं दुरुस्त करायच्या. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. उंच खिडकीशी छातीएवढ्या उंचीचं टेबल, कपाळावर पट्टीने बांधलेलं भिंग, आणि खोलीच्या मधोमध एक लाकडी कठडा. गिऱ्हाइकाने कठड्याच्या अलीकडे बसायचं. बाई साठीच्या. तरुणपणी घड्याळांच्या कारखान्यात होत्या, तो बंद पडल्यावर एकट्याने काम सुरू केलं. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. दादाचा त्यांच्यावर विश्वास होता असं मी म्हणणार नाही, पण अकरा वर्षांत त्याने त्यांच्याबद्दल एकही शंका काढली नव्हती. त्याच्या बाबतीत हे फारच झालं.

मग एका गुरुवारी दुपारी तो पांढऱ्या तबकडीचं घड्याळ आणायला गेला आणि परत आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. माझ्यासमोर दोन पेशंट बसले होते. त्यांच्या डोक्यावरून तो मला म्हणाला, "छोटे, आत ये."

अंधाऱ्या खोलीत दार लावून त्याने सांगितलं. बाई हात धुवायला आत गेल्या होत्या. तो कठड्यावरून जरासा वाकला. टेबलाच्या कोपऱ्यात काचेच्या टोपीखाली एक पिंजरा होता, अर्धा जुळवलेला.

"टूर्बियॉनचा?"

"तीन दांड्यांचा. माझ्यासारखा. अगदी माझ्या घड्याळातल्यासारखा."

"दुसऱ्या कुणाचा असेल."

"या गावात दुसऱ्या कुणाकडे आहे? आणि त्या आल्या तेव्हा त्यांनी काय केलं माहितीये? टोपीवर फडकं टाकलं. बोलता बोलता, सहज." तो खुर्चीत बसला. "बाई माझी घड्याळं आतून खातेय, छोटे. एकेक भाग काढते आणि त्या जागी भलतंच काहीतरी बसवते."

मी हसायला हवं होतं. पण फडकं टाकलं हे मलाही खटकलं.

रविवारी केंद्र बंद असतं. दुपारी आम्ही दोघं पाच पेट्या घेऊन तिथे गेलो. जन्मभर ज्या यंत्रावर विश्वास ठेवला, त्याच्याखालीच दादाने घड्याळं ठेवली. सोनेरी घड्याळाच्या फिल्मवर एक पांढरी चकती आली. उघड्या पोटाची पांढरी चकती. बाकीच्या तीन पांढऱ्या चकत्या. सोनं आणि पितळ किरणांना आत शिरूच देईनात. पाच चकत्या ओळीने लावून दादा त्यांच्याकडे बघत राहिला. "काही दिसत नाही," असं स्वतःच्या तोंडाने म्हणताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

मग भिंग आणि कॅमेरा आला. उघड्या पोटाच्या खरेदीबरोबर मिळालेले मोठे फोटो आणि आत्ताचं घड्याळ, असं ताडून बघणं सुरू झालं. दोन तासांनी त्याने मला बोलावलं. "हा स्क्रू बघ."

स्क्रू निळे होते, तापवून निळे केलेले. एका पुलावरचा एक स्क्रू इतरांहून जरा जांभळट होता. फोटोत तो निळाच होता.

"सापडलं," दादा म्हणाला, आणि मला वाईट या गोष्टीचं वाटलं की तो जवळजवळ खूश दिसत होता.

मला पण लागण झाली होती. दादाच्या बोलण्यात आलं होतं, बाईंकडे हल्ली नवा दिवा आलाय, कातकामाचा नवा छोटा लेथ आलाय; त्याला पैसा कुठून आला, असं मी मनात जुळवू लागले. बुधवारी आईचं जुनं बंद पडलेलं घड्याळ घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दादाला सांगितलं नाही. स्वतःची ओळखही दिली नाही. कठड्यापाशी बसले आणि मान लांब करून टेबलावर नजर फिरवू लागले. काचेच्या टोपीवर फडकं होतंच.

बाईंनी आईचं घड्याळ उघडलं, फुंकर मारली, आत चिमटा घातला आणि वर न बघता म्हणाल्या, "डॉक्टरांची बहीण ना तुम्ही?"

मी मान आत घेतली.

"बसण्याची तऱ्हा तीच. पुढे वाकून, शोधत." त्यांनी घड्याळ बंद करून माझ्यासमोर ठेवलं. ते चालू झालं होतं. "डॉक्टरांना सांगा, मला काही विचारायचं असेल तर स्वतः या. माणसं पाठवू नका."

"त्यांनी पाठवलं नाही. मीच आले."

"मग जास्तच वाईट," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दादा म्हणाला, बघ, घाबरली. वहिनी म्हणाली, "घाबरलेलं माणूस असं बोलत नाही. उद्या मी पण येते. तुम्ही दोघं एकमेकांना चढवताय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या जिन्याने वर गेलो. दादाच्या हातात पेट्यांची पिशवी. बाईंनी आम्हाला पाहिलं, उठून कठड्याचं फाटक उघडलं आणि दादाला म्हणाल्या, "आत या. इथे बसा." त्यांच्या स्वतःच्या स्टुलावर. कपाळावरचं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. "दाखवा काय ते."

दादाने उघडं पोट काढलं. चिमट्याच्या टोकाने स्क्रू दाखवला. आवाज त्याने सांभाळला होता, पण मान लाल झाली होती. "हा स्क्रू मूळचा नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. वहिनीने माझा हात धरला.

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"कसली चिठ्ठी?"

बाईंनी त्या घड्याळाची पेटी ओढली, आतली मखमली उशी उचलली. खाली घड्या घातलेले चार-पाच कागद होते. त्यातला एक उघडून त्यांनी दादापुढे धरला. तो वाचेना, म्हणून वहिनीने वाचला. "स्क्रूचं डोकं चिरलं होतं. नवा घडवून बसवला आहे. निळा रंग पूर्ण जुळला नाही, क्षमस्व. जुना सोबत ठेवला आहे." कागदाच्या आत आणखी एक कागदाची पुडी, पुडीत तीळभर स्क्रू. खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची.

"प्रत्येक वेळी लिहिते," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं. मला वाटायचं तुम्ही वाचता. तुम्ही वाचता असंच सांगता ना सगळ्यांना?"

दादाने भिंग खाली ठेवलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण डाग दिसला की शेवटपर्यंत जायचं, ही सवय. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि ते?"

बाईंनी फडकं काढलं, टोपी काढली, आणि खालच्या खणातून एक पत्र्याचा चपटा डबा काढून त्याच्यापुढे उघडा ठेवला. डब्यात पिंजरे होते. वाकडे, चिरलेले, एका दांडीला तडा गेलेले, काही नुसते अर्धेच कापलेले. प्रत्येकावर सुईने कोरलेला आकडा. शेवटचा आकडा एकेचाळीस होता.

"नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "काचेखाली आहे तो बेचाळिसावा. कारखान्यात आम्ही बायका दिवसाला दोनशे घड्याळांत एकच चाक बसवायचो. तेच चाक, अठरा वर्षं. अख्खं घड्याळ आपल्या हातचं, असं एक तरी करायचं होतं. तुमचं हे घड्याळ पहिल्यांदा उघडलं तेव्हा तीन दांड्या कशा तोलून धरतात ते मला कळलं. तुमचं बघून शिकले, हे खरं आहे. त्याला चोरी म्हणत असाल तर म्हणा."

खाली पुस्तकं बांधणाऱ्याच्या कागद कापायच्या यंत्राचं पातं धाडकन् पडल्याचा आवाज आला. दादा उठला. पेट्या तशाच टाकून जिना उतरू लागला. पेट्या वहिनीने आणि मी गोळा केल्या. वहिनी बाईंना काहीतरी म्हणायला गेली, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नका. तुमचं काय चुकलंय?"



शनिवारी दुपारी दादाने जेवणाच्या टेबलावर पाचही पेट्यांतल्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या आणि वाचायला बसला. मी आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. बाईंचं अक्षर लहान आणि सरळ होतं. "तेल घट्ट झालं होतं, बदललं." "काच आतून पुसली." "डॉक्टर, हे घड्याळ आपटलं आहे काय? दांडी तपासली, ठीक आहे." मग तो एका चिठ्ठीपाशी थांबला. ती सगळ्यात पहिली होती, सोनेरी घड्याळाची. त्याने ती दोनदा वाचली आणि आम्हाला ऐकवली.

"हे न वापरलेलं म्हणून घेतलं असेल तर तसं नाही. आधी निदान एकदा उघडलेलं आहे आणि पिंजऱ्याचं एक चाक नंतरचं आहे. काम चांगलं केलं आहे, घड्याळ नीट चालेल. पण विकणाऱ्याला विचारावं."

ज्या संशयाने तो ठेकेदाराच्या जेवणापासून झुरत होता, त्याचं उत्तर त्याच पेटीत उशीखाली पडून होतं. मित्र तर कधीच दुकान आवरून दुसऱ्या देशात गेला होता. दादाने चिठ्ठी खाली ठेवली आणि तो हसायला लागला. आधी बारीक, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनी घाबरून पाणी घेऊन गेली. "अहो, काय झालं?"

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं लोकांना सांगतोय, रिपोर्ट वाचा."

त्यानंतर दोन महिन्यांत दादाने सोनेरी घड्याळ विकलं. घेणाऱ्याला बाईंची चिठ्ठी आधी दाखवली आणि मगच घड्याळ दाखवलं. उघडं पोटही गेलं, बाकीची दोन गेली. पांढऱ्या तबकडीचं तेवढं ठेवलं. मग तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, बेचाळिसावा पूर्ण झाला की ते घड्याळ मी घेईन.

आता संशय घेण्याची पाळी बाईंची होती. "का?" त्यांनी विचारलं.

"आवडेल मला."

"न बघताच? दया आलीय, की भरपाई करताय?"

बाईंनी फाटक लावून घेतलं.

तरी तो दर गुरुवारी जात राहिला. काही काम नसायचं. कठड्याच्या अलीकडे बसायचा. बाई त्याला बघून टोपीवर फडकं टाकायच्या आणि दुसऱ्या कुणाचंतरी घड्याळ पुढे ओढायच्या. घरी वहिनी विचारायची, "आज बोलल्या का?" तो सांगायचा, "कठड्यावरचा दिवा जरा डावीकडे सरकवा म्हणाल्या." सात आठवडे असं चाललं. माझ्या माहितीत दादाने दुसऱ्या कुणाकडे इतक्या वेळा जाऊन गप्प बसल्याचं उदाहरण नाही.

पुढच्या वेळी मी बरोबर होते. दादा बसला, गुडघ्यावर हात ठेवले आणि एकदम म्हणाला, "बाई, मी तुमच्यावर संशय घेतला."

"ते मला कळलं होतं त्या दिवशी. पुढे बोला."

"पुढे काही नाही. एवढंच."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. कारण शोधत असाव्यात, यामागे अजून काय आहे ते. मग त्यांनी हात लांब करून फडकं काढलं आणि घडी घालून खणात ठेवलं. "इथून नीट दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "आत या."

घड्याळ वसंतात पूर्ण झालं. पोलादी, जाड, कुठेही नाव नसलेलं. पिंजरा समोरच, पण त्याला खिडकीची सजावट नाही. नुसतं एक स्वच्छ गोल भोक, आत तीन दांड्या फिरतायत. बाईंच्या टेबलावर ते छान चालत होतं. पण टेबलावर चालणं आणि माणसाच्या हातावर चालणं यात फरक असतो. बाईंचा हात तर दिवसभर टेबलाला टेकलेला. त्यांना हलता हात हवा होता.

"सहा आठवडे," त्या दादाला म्हणाल्या. "रोज सकाळी किती पुढे, किती मागे ते लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. तुमच्या त्या चुंबकाच्या यंत्राच्या खोलीत घालून जायचं नाही. आणि जे असेल तेच लिहायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही."

दादा एमआरआयच्या खोलीत जाताना घड्याळ माझ्या हातावर बांधायचा आणि बाहेर आल्याबरोबर काढून घ्यायचा. मी त्यावर काही ओरखडा पाडला का, हे मात्र बघून घ्यायचा. स्वभाव काही गेला नाही. पहिल्या आठवड्यात घड्याळ दिवसाला नऊ सेकंद मागे पडलं. त्याने नऊ लिहिलं. पूर्वीचा दादा दोन सेकंदांसाठी घड्याळाच्या कंपनीला पत्र लिहायचा. आता तो नाश्त्याला मला सांगायचा, "आज आठच," जणू घरातलं कुणी आजारातून उठत होतं. बाईंनी मध्ये एकदा ते उघडलं, स्प्रिंगला काहीतरी केलं, परत दिलं. पाचव्या आठवड्यात ते चारावर आलं आणि तिथेच राहिलं.

सहा आठवडे संपले त्या दिवशी दादाने ते वहीसकट परत नेऊन दिलं. बाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कठड्याबाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मग त्यांनी घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, पट्टा एक भोक आत घेतला, आणि भिंग कपाळावरून डोळ्यावर ओढलं.

दादाने विकत मागितलं नाही. जिना उतरताना मी म्हटलं, "एकदा विचारायचं तरी."

"त्यांना वाटलं असतं, सहा आठवडे मी त्याचसाठी लिहीत होतो," तो म्हणाला. रस्त्यावर आल्यावर जरा थांबून पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू? थोडं त्यासाठीच होतं."

आता तो पांढऱ्या तबकडीचंच घालतो. नवीन घड्याळाचं नाव काढत नाही. गुरुवारी मात्र जातो, फाटकाच्या आत बसतो. बाईंनी दुसरं घड्याळ करायला घेतलंय. कुणासाठी, ते त्या सांगत नाहीत, आणि दादा विचारत नाही.